न पाहिलेल्या समुद्राचे ऋण

आष्टीच्या आठवडी बाजारात धान्याच्या आणि मिरच्यांच्या ओळी संपल्या की एका कडेला सुकट व वाळले बोंबील विकणाऱ्या बायांची पाले लागतात. हा माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. विकणाऱ्या बायांनी तरी तो पाहिला असेलच असे नाही. आष्टी म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे बीडकडील, वर्ध्याकडील, किंवा १८१८ सालच्या लढाईने इतिहासात गेलेली सोलापूरकडील आष्टी उभी राहण्याचा संभव आहे. आमची आष्टी त्यांतील एकही नव्हे. ती जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात आहे. आणि तेथून पश्चिमेस निघा की पूर्वेस, तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडविल्यावाचून खाऱ्या पाण्याचे दर्शन व्हावयाचे नाही. अशा ठिकाणी बसून समुद्राच्या हिताहिताची चर्चा करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय, असे कोणी म्हटले तर त्याच्यावर आम्ही रागावणार नाही. किंबहुना हा आक्षेप हाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. ज्याने समुद्र पाहिला नाही, ज्याने जाळे कधी हाती धरले नाही, त्याचे समुद्राविषयी काही कर्तव्य आहे काय. आणि असल्यास ते कोणत्या नात्याने, एवढाच प्रश्न आम्हांस येथे तपासावयाचा आहे.

हा प्रश्न पूर्वीच्या विचारवंतांस पडला नाही, याचे कारण उघड आहे. समुद्र संपू शकतो हेच मुळी कोणास खरे वाटत नव्हते. डच न्यायपंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी १६०९ साली समुद्र सर्वांस मोकळा असावा असे प्रतिपादन करणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. जे वापरल्याने संपत नाही त्यावर कोणाचीही मालकी असू नये, नौकानयनासाठी नव्हे आणि मासेमारीसाठीही नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक खांब होता. पुढे १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सले यांच्यासारख्या चिकित्सक शास्त्रज्ञाने सांगितले की, मोठमोठी सागरी मत्स्यक्षेत्रे बहुधा अक्षय आहेत. आपण काहीही केले तरी माशांच्या संख्येवर लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. न्याय म्हणून एवढे सांगितले पाहिजे की, हक्सले यांनी आपल्या विधानास 'आजच्या मासेमारीच्या पद्धती पाहता' अशा अर्थाची अट जोडली होती. पुढील लोकांनी अट विसरून सिद्धान्त तेवढा ध्यानात ठेवला. त्याचा निकाल न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर लागला. शेकडो वर्षे युरोपास पोसणारा तेथील कॉड मासा इतका घटला की १९९२ च्या जुलैत कॅनडाच्या सरकारास त्याची व्यापारी मासेमारी एकाएकी बंद करावी लागली, आणि सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली ती बंदी ३२ वर्षे टिकली. २०२४ साली ती उठली तीही अल्प प्रमाणात मासेमारीस मुभा देण्यापुरती.

या बाबतीत आमच्या पुराणकारांची कल्पना युरोपीय पंडितांहून अधिक सावध होती असे म्हणावेसे वाटते. महाभारताच्या वनपर्वातील अगस्त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. समुद्रात दडलेल्या कालेय दैत्यांचा नाश व्हावा म्हणून देवांच्या विनंतीवरून अगस्त्यांनी समुद्र पिऊन टाकला. दैत्य मारले गेले. मग देव म्हणाले, आता पाणी परत सोडा. ऋषींनी उत्तर दिले की ते तर पचून गेले. दुसरा काही उपाय पाहा. पुढे भगीरथाने गंगा आणली तेव्हा कोठे रिता समुद्र भरला. ही कथा शास्त्र म्हणून आम्ही सांगत नाही. परंतु समुद्र रिकामा होऊ शकतो, एका चांगल्या हेतूने केलेल्या कृत्यानेही तो रिकामा होऊ शकतो, आणि एकदा रिकामा झाला तर तो नदीवाचून भरत नाही, या तीन गोष्टी ज्यांनी कल्पिल्या त्यांच्या बुद्धीस ग्रोशियस यांचा मोह पडला नव्हता हे खास. नदीचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

मनुष्याची एक जुनी समजूत अशी की, जे दिसत नाही ते संपत नाही. कणगीतील ज्वारी दिसते म्हणून ती कोणी बेसुमार उपसत नाही. समुद्रातील मासा दिसत नाही. आणि आमच्या मराठवाड्यातील माणसाने या बाबतीत कोळ्यास हसण्याचे कारण नाही, कारण आमच्या पायांखालचे पाणीही दिसत नाही. पूर्वी विहीर चाळीस-पन्नास फूट खणली जाई. तिचा तळ दिसे, तिच्यात उतरलेल्या माणसास झरा कोणत्या अंगास आहे हे समजे, आणि चैत्रात ती किती आटली हे मोटेच्या नाड्यावरून घरातील पोरासही कळे. विंधनविहिरीचे तोंड वीतभर. तिच्यात डोकावून काय दिसणार? पाचशे फुटांवर पाणी लागले नाही तर सातशे फुटांपर्यंत जावयाचे, हा तिचा एकच धर्म. एकाने सातशे फूट घेतली की शेजाऱ्याची पाचशेची कोरडी पडते; मग शेजारी कर्ज काढून आठशे फूट घेतो. दोघेही काळ्या दगडातील एकाच साठ्यातून पाणी ओढीत असतात व दोघेही आपापल्या बांधाच्या आत असतात. महाराष्ट्राने भूजलाविषयी २००९ चा कायदा केला आहे आणि अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटरांहून खोल विहिरींस त्यात मनाई आहे. हा कायदा आपल्या गावास लागू पडतो काय, असे विचारणारा माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाही. आम्ही ज्यास विचारावे तो म्हणतो: मी थांबलो तर पाणी थोडेच थांबणार आहे? ते शेजारी घेईल.

नेमके हेच वाक्य किनाऱ्यावरील तांडेल उच्चारतो. मी लहान मासा सोडला तर पुढची बोट तो घेईल. पाणी आणि मासा, दगड आणि लाटा यांत दिसावयास काहीच साम्य नाही. परंतु दोन्ही ठिकाणी माणूस ज्या युक्तिवादाने स्वतःचे समाधान करून घेतो तो अक्षरशः एक आहे. म्हणून समुद्रावरील माणसास संयमाचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. त्याचे दुःख समजण्याची पात्रता मात्र आमच्याइतकी फारच थोड्यांस असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले, तो काळ मराठवाडा इतक्यात विसरलेला नाही.

आता संयम म्हणजे काय, याचा थोडा खोलात विचार केला पाहिजे. पूर्वीचे कोळी निसर्गास जपत, आताचे जपत नाहीत, असे एक गोड मत शहरी सभांतून ऐकू येते. आषाढ-श्रावणात होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवावयाच्या, नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ वाहावयाचा आणि मगच होडी पाण्यात लोटावयाची, ही कोळ्यांची रीत सुंदर आहे यात शंका नाही. आणि त्याच महिन्यांत अनेक जातींच्या माशांची वीण होते, त्यामुळे ती हितकरही होती. परंतु ती रीत संयमाची होती की असामर्थ्याची? शिडाच्या होडीस जुलैचा दर्या झेपत नसे. जेथे जाता येत नाही तेथे न जाणे यास सद्गुण म्हणावे काय? आम्हांस वाटते, त्याचे उत्तर त्या काळी देताच आले नसते. त्या कोळ्यांसही ते ठाऊक नसणार. इंजिन आले, सुताच्या जाळ्याच्या जागी नायलॉनचे आले, तेव्हा ती परीक्षा झाली. पावसाळ्यातही बाहेर पडता येऊ लागताच कित्येक बोटी पडू लागल्या, आणि जे काम वाऱ्याने केले होते ते कायद्यास करावे लागले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी बंदी केंद्र सरकारने २०१५ साली ४७ दिवसांवरून ६१ दिवसांवर नेली, १ जून ते ३१ जुलै. आता गंमत अशी की, नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते. कायदा १ ऑगस्टास सुटतो व रीत पौर्णिमेस. मधल्या त्या थोड्या दिवसांत जो नाखवा बोट बांधून ठेवतो त्याचा संयम मात्र खरा. तो वाऱ्याचा नव्हे आणि दंडाचाही नव्हे. असे नाखवे आहेत. शेजारची बोट भरून येताना पाहूनही ते थांबतात. नीतिशास्त्राच्या वर्गात उदाहरण द्यावयाचे तर याहून चांगले आम्हांस सुचत नाही.

यंत्राने आणखी एक गोष्ट केली. आमच्या राजनीतीच्या ग्रंथांत अराजकास 'मत्स्यन्याय' म्हणतात: मोठा मासा लहानास गिळतो, आणि तसे माणसांत होऊ नये म्हणून राजा हवा. ज्या उपमेचा उपयोग हजारो वर्षे जमिनीवरील माणसांसाठी झाला ती आता पाण्यावरील माणसांस लागू पडते, हा काळाचा विनोद होय. पर्ससीन नावाचे जाळे थव्यास वेढा घालून तळाशी आवळले जाते व थवाच्या थवा एका खेपेस वर येतो. तेच पाणी, तोच मासा. परंतु दिवसभर खपून टोपलीभर मासळी आणणारा डोलकर, रापणकर आणि असा वेढा घालणारा यांची स्पर्धा म्हणजे काय ते सांगावयास नको. सोमवंशी समितीने २०१२ साली अहवाल दिला. त्यावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनचे परवाने क्रमाने कमी करण्याचा, आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवण्याचा आदेश काढला. रात्री झगझगीत एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासा भुलविण्याची जी नवी तऱ्हा निघाली तिला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. राज्याच्या कायद्यातील दंड २०२१ साली लाखांच्या घरात गेले. २०२३ साली ५४ जातींच्या माशांचे पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरले, आणि त्याच वर्षी पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला. मान देण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते जेव्हा वस्तू दुर्मिळ होऊ लागते. आमच्या सत्कारसमारंभांचीही हीच रीत आहे.

हे सर्व नियम आवश्यक आहेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु ते वाचताना आम्हांस राहून राहून अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाची आठवण होते. राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर त्या राजाने कित्येक प्राणी अवध्य ठरविले आणि ठरावीक तिथींस मासे मारू नयेत व विकूही नयेत अशी आज्ञा केली. विद्वान लोक या लेखात अहिंसा पाहतात. आमचे लक्ष 'विकूही नयेत' या भागाकडे जाते. मारणारा किनाऱ्यावर असतो. विक्री बंद केली की घेणारासही, म्हणजे दूरच्या बाजारातील गिऱ्हाइकासही, थांबावे लागते. संयमाचा भार दोघांवर वाटला जातो. आजच्या व्यवस्थेत तो बव्हंशी बोटीवर पडतो.

इंग्रजी ग्रंथांचा परिचय असणाऱ्या वाचकांस येथे गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा निबंध आठवेल. सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवितो, आणि सर्व मिळून कुरण उजाड करतात. म्हणून एक तर सक्ती हवी, नाही तर मालकी हवी, असे त्यांचे म्हणणे. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली ग्रंथ लिहून दाखविले की माणसे इतकी अगतिक नसतात. २००९ साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दिलेले तुर्कस्तानातील आलान्या बंदराचे उदाहरण आम्हांस फार आवडते. तेथील कोळ्यांनी मासेमारीच्या जागांची यादी केली. दर वर्षी हंगामाच्या आरंभी चिठ्ठ्या टाकून जागा वाटावयाच्या, आणि रोज प्रत्येकाने पुढच्या जागेवर सरकावयाचे, म्हणजे चांगली व वाईट जागा सर्वांच्या वाट्यास येते. पहारेकऱ्याची गरज नाही. ज्याची आज पाळी आहे तोच आपल्या जागेवर लक्ष ठेवतो.

आमच्या गावपंचायती जिवंत होत्या तेव्हा पाटाच्या पाण्याच्या पाळ्या अशाच चालत, म्हणून हे उदाहरण आपल्यास परके वाटत नाही. तथापि त्यात एक गोष्ट गृहीत आहे. ज्यांचा संबंध आहे ते सर्व एकमेकांस ओळखतात व एका पारावर बसू शकतात. आलान्याच्या कोळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. आष्टीच्या माणसास त्या चिठ्ठ्यांस कोण बोलावणार? आणि त्यास बोलावण्याचे कारण तरी काय?

कारण गोदावरी हे आहे. ही नदी त्र्यंबकेश्वरापाशी उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र अवघा ८० किलोमीटर. परंतु ती त्याकडे पाठ फिरविते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. आष्टीच्या शिवारातील प्रत्येक ओढ्याचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. म्हणजे मराठी माणूस ज्यास आपला समुद्र म्हणतो तो पश्चिमेचा, आणि आमच्या शेतांचा समुद्र पूर्वेचा, तेलुगू बोलणाऱ्यांचा. आमचा पाऊस बहुतांशी पश्चिमेच्या समुद्रावरून येतो आणि वाहून पूर्वेच्या समुद्रात जातो. एकाकडून आम्ही घेतो व दुसऱ्याकडे देतो, आणि दोघांसही ओळखत नाही.

आम्ही काय देतो ते पाहू. नदीने समुद्रास गाळ द्यावयाचा असतो. त्या गाळानेच त्रिभुज प्रदेश घडतो व टिकतो. १९७० च्या दशकात गोदावरी जितका गाळ समुद्रापर्यंत नेत असे त्याच्या निम्म्याहूनही कमी १९९० च्या दशकात नेऊ लागली, कारण वाटेत धरणे झाली. पैठणचे जायकवाडी १९७६ चे. त्रिभुज प्रदेशाचा किनारा कित्येक ठिकाणी मागे हटत चालला आहे. अगस्त्याच्या कथेत समुद्र नदीने भरला. येथे नदी आम्ही अडविली. जायकवाडी पाडा, असे म्हणणारा मनुष्य मराठवाड्यात चोवीस तासही राहिलेला नसावा. त्या पाण्यावर आमची शहरे जगतात. ते चांगल्या हेतूने केलेले काम होते व आजही आहे. अगस्त्यांचा हेतूही चांगलाच होता.

गाळ थांबला, पण सगळेच थांबले नाही. ऊस, कापूस व सोयाबीन यांस आम्ही जो युरिया घालतो त्याचा सगळा भाग पिकाच्या मुखी पडत नाही. उरलेला पावसाबरोबर ओढ्यास व नदीस मिळतो. बंगालच्या उपसागरात शंभरेक मीटर खोलीखाली प्राणवायू निसर्गतःच अत्यंत अल्प आहे. तेथे बाहेरून येणाऱ्या नत्राचा बोजा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या वरच्या अंगास मका पिकतो. त्याचे खत वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायूविहीन पट्टा पडतो. २०१७ साली तो २२,७०० चौरस किलोमीटरांवर गेला होता. मका पिकविणारा आयोवाचा शेतकरी समुद्रापासून आमच्यापेक्षाही दूर असतो व आमच्याइतकाच भला असतो.

येथे आमचे माळकरी वाचक म्हणतील की आम्ही मासा खातच नाही, मग समुद्राच्या नाशात आमचा वाटा कोठला? त्यांच्या व्रताविषयी आम्हांस आदर आहे. परंतु युरिया मासे खात नाही तरी समुद्रात जातो. शिवाय ट्रॉलरच्या जाळ्यात जी बारीक, बाजारात भाव न येणारी मासळी व पिले सापडतात त्यांची पश्चिम किनाऱ्यावर भुकटी केली जाते आणि ती कोंबड्यांच्या खाद्यात पडते. तेव्हा ज्या घरात माळ नाही पण मासाही शिजत नाही, त्या घरच्या पोराच्या अंड्यात समुद्राचा अंश असू शकतो.

समुद्राच्या तापण्याविषयी विस्ताराने लिहिण्याची ही जागा नव्हे. हिंदी महासागराचा पश्चिम भाग गेल्या शतकात एक अंशाहून अधिक तापला, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पामुळे मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले, एवढे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्या शेतांतून वाहिल्या तेव्हा समुद्र आष्टीस दूर नाही असे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

मग आम्ही अपराधी आहो काय? मूठभर युरिया टाकणारा, बाजारातून पावशेर सुकट नेणारा, एक अंडे खाणारा मनुष्य समुद्राचा मारेकरी ठरवावा, हे आमच्या न्यायबुद्धीस पटत नाही. अपराधास हेतू लागतो, निदान ज्ञान लागते. येथे दोन्ही नाहीत. आणि त्याचा वाटा इतका सूक्ष्म की तो उद्या थांबला तरी समुद्रास पत्ताही लागणार नाही. पाश्चात्त्य नीतिशास्त्र या ठिकाणी अडखळते, असे आम्हांस वाटते. कर्त्यास दोष द्यावा तर कर्ता सापडत नाही. परिणामावरून निर्णय करावा तर एकेकट्याचा परिणाम शून्य भरतो. त्यामुळे सहृदय माणसे एक तर विनाकारण पश्चात्ताप करीत बसतात, नाही तर सर्व दोष दिसणाऱ्या माणसावर, म्हणजे जाळे टाकणाऱ्यावर, ढकलून मोकळी होतात. दुसरा प्रकार अधिक आढळतो.

परंतु जबाबदारी अपराधातूनच उत्पन्न होते असे कोठे आहे? आमच्या परंपरेत तिचा दुसरा एक उगम सांगितला आहे. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो: ऋषींचा, देवांचा, पितरांचा; शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण मनुष्यांचेही गणले आहे. जन्मलेल्या बालकाने कोणता अपराध केला? काहीच नाही. त्याने घेतले आहे, एवढेच. ऋणास हेतू लागत नाही, ज्ञानही लागत नाही. बापाने काढलेले कर्ज मुलास माहीत नसले तरी सावकार दारात उभा राहतो, ही गोष्ट मराठवाड्यातील शेतकऱ्यास ग्रंथांतून शिकावी लागत नाही. शिवाय ऋणाचा वाटा लहान असला म्हणून ते नाहीसे होत नाही. शंभर भावांत वाटलेले कर्ज शंभराव्या हिश्श्याने प्रत्येकाकडे राहतेच. समुद्राशी आमचे नाते हे आहे. आम्ही त्याचे अपराधी नव्हे, आम्ही त्याचे देणेकरी आहो.

हा भेद शब्दांचा खेळ आहे असे कोणी समजू नये. त्यातून व्यवहारात फार मोठा फरक पडतो. अपराध्यास क्षमा मागून सुटता येते, देणेकऱ्यास येत नाही. अपराधी दुसऱ्या अपराध्याकडे बोट दाखवू शकतो, देणेकऱ्यास ते बोट निरुपयोगी. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, ऋण फेडावयाचे म्हणजे काही तरी द्यावे लागते. उपदेश हे चलन त्या बाजारात चालत नाही. समुद्र स्वतः वसुलीस येत नाही. त्याच्या वतीने जो आज थांबतो, जो जाळे आवरतो, त्यास द्यावयाचे आहे.

असे देण्याची उदाहरणे आपल्याकडे अगदीच नाहीत असे नाही. २०१८ साली महाराष्ट्राने एक लहानशी योजना काढली. कासव, देवमासा किंवा बहिरी मासा, म्हणजे इंग्रजीत ज्यास व्हेल शार्क म्हणतात तो, जाळ्यात सापडला आणि त्यास सोडण्यासाठी कोळ्याने आपले जाळे कापले, तर त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. यात कोळ्याच्या भूतदयेस हाक मारलेली नाही. ती त्याच्यापाशी आहे असे धरून तिचा खर्च इतरांनी उचलला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावीही असेच काही झाले. कासवांची अंडी पूर्वी तेथे खाण्यासाठी नेली जात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांस बरोबर घेऊन ती राखण्याचा उपक्रम सुरू केला, आणि पिले समुद्रात जाताना पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांच्या मुक्कामाने गावात चार पैसे येऊ लागले. पाहुण्यांची गर्दी हे नवे संकट होईल ही भीती आहे. तथापि ज्यास पाहावयाचे आहे त्याने राखणाऱ्यास द्यावे, हे तत्त्व आम्हांस योग्य वाटते.

मोठ्या बाबतीत मात्र हात आखडतो. गेल्या वर्षी या विषयाचे टिपण करीत असता आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्यास आम्ही हे सर्व सांगत होतो. गृहस्थ साठीचे, शाळा चौथीपर्यंत. दोन विंधनविहिरी कोरड्या गेलेल्या, तिसरी चालू. पावसाळ्यात ६१ दिवस बोटी बंद असतात, त्याने मासळीची वीण राखली जाते, हे आम्ही मोठ्या उत्साहाने समजावून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, ते दोन महिने ती माणसं खातेत काय?"

या प्रश्नापर्यंत येण्यास आम्हांस पुष्कळ ग्रंथ लागले होते. आम्ही सांगितले की २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत त्यासाठी सोय केलेली आहे: गरीब मच्छीमाराने स्वतः १,५०० रुपये भरावयाचे, सरकार त्यात ३,००० घालते, आणि मिळून होणारे ४,५०० रुपये बंदीच्या काळात तीन महिन्यांस पुरवावयाचे.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे महिन्याला दीड हजार," ते म्हणाले. "आन् त्यातलं बी पाचशे त्याचंच की."

मग वीज आली, आणि ते मोटार सुरू करावयास उठले.